नवेगांवबांधची पाळ

दिवाळीची सुटी जवळ येऊं लागली म्हणजे मोठ्या कुटुंबांत एक गोड कलह सुरू होतो. मुलांना पाणी व डोंगर हवे असतात. तरुणांना अरण्य हवें असतें. वडील माणसांना देवदर्शन घडावें अशी इच्छा असते. आणि घरांतील गृहिणींना चार दिवस तरी चुलीपासून सुटका मिळावी असें वाटत असतें, व तें अगदीं रास्त आहे. ह्या सर्वांचें समाधान करील असें एक स्थळ आमच्या पाहण्यांत आहे. तें म्हणजे नवेगांवबांध. कधीं शाळेच्या मुलांबरोबर, तर कधीं स्वतःच्या मुलानातवंडांबरोबर आम्ही तेथें अनेक वेळां गेलों आहों. तेथें काय पाहावें, कसें पाहावें, आणि पाहतांना कोणती चूक करूं नये, हें सांगण्याचा आज विचार आहे. चूक सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे. कारण ती आम्हीं स्वतः केलेली आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यांतील भंडारा जिल्ह्यास फार दिवसांपासून तळ्यांचा जिल्हा म्हणतात. लहानमोठीं तळीं येथें हजारोंनीं मोजावीं लागतात. तळें नाहीं असें गांव शोधूं गेल्यास श्रमच होतील. १ मे १९९९ रोजीं ह्या जुन्या जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि नवेगांवबांध त्या जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत गेलें. परंतु कागदावरील हद्द पाण्याला ठाऊक नसते. साकोलीकडील माणूस आजही नवेगांवास आपलेंच समजतो, व आम्हीही तसेंच समजून लिहीत आहों.

नागपुराहून येणारांनीं रायपूरकडे जाणारा हमरस्ता धरावा. भंडारा, लाखनी व साकोली हीं गांवें मागें टाकलीं कीं कोहमारा लागतें. तेथून दक्षिणेकडे वळून दहाबारा किलोमीटर गेलें म्हणजे नवेगांवबांध आलें. आगगाडीनें येणारांस गोंदिया-बल्लारशा हा लोहमार्ग सोयीचा आहे. पूर्वीं ह्या मार्गावर अरुंद मापाची लहानशी गाडी रमतगमत चालत असे. आतां मार्ग रुंद झाला असून वेळ पुष्कळ वांचतो. जाण्यास कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळा ह्या भागांत फार कडक असतो, आणि पावसाळ्यांत अरण्याचे दरवाजे बंद असतात.

मुक्कामीं पोंचल्यावर प्रथम वाघाची चौकशी करूं नये. सामान ठेवावें, पहांटे लवकर उठावें, आणि सूर्योदयापूर्वीं तळ्याच्या पाळीवर जावें. हिंवाळ्यांत त्या वेळीं पाण्यावरून धुकें उठत असतें व समोरच्या टेकड्या अर्ध्याच दिसतात. थोड्या वेळानें धुकें विरळ होतें आणि पाण्याचा विस्तार दिसूं लागतो. सुमारें अकरा चौरस किलोमीटर क्षेत्राचें हें तळें. त्याचा घेर जुन्या इंग्रजी गॅझेटियरांत सतरा मैल दिलेला आहे. पैलतीर नीट दिसत नाहीं. भोंवतीं टेकड्या, टेकड्यांवर अरण्य, आणि मध्यें हें शांत पाणी. पहिल्यानें पाहणाराच्या तोंडून, "काय ही परमेश्वराची लीला!" असेच उद्गार निघतात.

आमची चूक झाली ती येथेंच. नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत आम्ही एका शाळेंत भूगोल शिकवीत असूं. सहामाही परीक्षेंत आम्हीं एक प्रश्न घातला होता : नैसर्गिक सरोवरांचीं दोन उदाहरणें द्या. आम्हांस अपेक्षित उत्तर होतें लोणार व नवेगांवबांध. एका शेतकऱ्याच्या मुलानें लोणार लिहिलें, आणि पुढें लिहिलें कीं नवेगांवबांध माणसांनीं बांधला आहे. आम्हीं त्यावर तांबड्या शाईची फुली मारली. वर्गांत उत्तरपत्रिका परत देतांना तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, कोलासुर देवाला आमी नारळ देतो. त्यानंच तरा बांधला." मुलें हंसलीं. आम्हीही हंसलों, आणि देवाच्या गोष्टी भूगोलांत आणूं नयेत असा उपदेश करून त्यास खालीं बसविलें.

दोनतीन वर्षांनीं सहलीच्या निमित्तानें त्याच पाळीवर आम्ही उभे होतों. एक वृद्ध ढीवर जाळें वाळवीत बसला होता. आमच्या मुलांपैकीं एकानें त्यास विचारलें, "बाबा, हें तळें किती जुनें?" त्यानें पायाखालच्या मातीकडे बोट दाखवून विचारलें, "गुरुजी, तुमी उभे कशावर आहां?" आम्ही खालीं पाहिलें. आम्ही टेकडीवर उभे नव्हतों. दोन टेकड्यांच्या मध्यें माणसांनीं टाकलेल्या मातीच्या भिंतीवर उभे होतों. गांवाच्या नांवांतच 'बांध' हा शब्द आहे. धातूंवरून शब्दांची व्युत्पत्ति मुलांकडून पाठ करवून घेणारे आम्ही. पण 'बन्ध्' धातूपासून आलेला, रोज उच्चारांत असलेला हा शब्द आम्हांस दिसला नव्हता. त्या मुलाचें उत्तर बरोबर होतें. चूक आमची होती.

खरी हकीकत अशी आहे. ह्या भागांत कोहळी नांवाचा शेतकरी समाज आहे. चांद्याचे गोंड राजे काशीयात्रेस गेले असतां तेथून त्यांनीं ह्या लोकांस तळीं बांधण्यासाठीं आणलें अशी परंपरागत कथा आहे. कथेचें कसेंही असो. जमिनीचा उतार डोळ्यांनीं ओळखून पाणी कोठें थांबेल व कोठून वाहील हें अचूक सांगण्याची त्यांची ख्याति इंग्रज अधिकाऱ्यांनींही लिहून ठेविली आहे. उंसाची लागवड व धानाची शेती हे त्यांचे व्यवसाय, आणि दोहोंसही पाणी अवश्य. अठराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास ह्या समाजांतील कोलू पाटील नामक पुरुषानें नवेगांवचा हा बांध घातला. लोकांनीं पुढें त्यासच देव मानलें, तोच कोलासुर. तळ्याभोंवतालच्या टेकड्यांस 'सात बहिणी' म्हणतात, आणि बांधाच्या कामीं ह्या बहिणींचें त्यास साह्य झालें असें मानितात.

ह्या श्रद्धेंत शास्त्रही आहे, तें पाळीवरून चालतांना ध्यानीं येतें. एवढ्या विस्ताराच्या तळ्यास बांध किती लांबीचा लागला असेल? मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा. तीं मैलांच्या गोष्टी करतील. प्रत्यक्षांत बांध फारच थोडा आहे. टेकड्यांनीं भिंतीचें काम आधींच केलेलें होतें. त्यांच्यामधील खिंडी तेवढ्या मातीनें बुजविल्या. सात बहिणींनीं साह्य केलें म्हणतात तें हेंच! कोणत्या खिंडी बुजवाव्या व जादा पाणी कोठून सोडून द्यावें हें ज्यानें कागद व दुर्बीण हातीं नसतां ठरविलें, त्याची बुद्धि आमच्या फुलीहून कितीतरी मोठी होती. आपल्या शास्त्रकारांनीं विहिरी, तळीं व बागा निर्माण करणें ह्यास पूर्तकर्म म्हणून यज्ञाच्या बरोबरीनें पुण्यप्रद मानलें आहे. ग्रंथांत आम्हीं तें वाचलें होतें. कोहळी पाटलानें तें करून दाखविलें.

झाडीपट्टींतील लोक तळ्यास 'तरा' व पाळीस 'पार' म्हणतात. त्यांच्या बोलींत ळकाराचा रकार होतो. आमच्यासारखे शाळामास्तर त्यास अशुद्ध म्हणत आले. परंतु र आणि ल ह्यांचा अभेद संस्कृत व्याकरणकारांसही मान्य आहे. मग ह्या गरिबांनींच काय गुन्हा केला?

आतां दुसरा फेरफटका सांगतों. तो पाण्याच्या बाजूनें नव्हे, पाळीच्या पलीकडील उतारानें करावा. येणारे पाहुणे तळें पाहतात, परंतु तळें ज्यासाठीं आहे तें पाहत नाहींत. पाळीच्या पोटांतून पाणी सोडण्याची जी मोरी असते तिला इकडे तुडुम म्हणतात. तेथून पाणी पाटांत व पाटांतून धानाच्या बांध्यांत जातें. वरच्या बांधींतून खालच्या बांधींत, तेथून आणखी खालीं, असें तें उतरत जातें. अश्विनांत हे शेतांचे जिने हिरवे असतात, कार्तिकांत पिंवळे होतात व मार्गशीर्षांत कापणी होऊन मोकळे होतात. शेतांच्या धुऱ्यांवरून चालतांना एकामागून एक चालावें, पीक तुडवूं नये, आणि वाटेंत भेटणाऱ्या शेतकऱ्यास नमस्कार करावा. पाण्याच्या पाळ्या कशा ठरतात, कोणाचें शेत आधीं भिजतें, हें विचारल्यास ते आनंदानें सांगतात. ताटांतील भात कोठून येतो हें मुलांस एवढ्या चांगल्या रीतीनें समजावून देणारी दुसरी शाळा आम्हांस ठाऊक नाहीं.

तिसरा फेरफटका पक्ष्यांसाठीं. हिंवाळ्यांत ह्या पाण्यावर उत्तरेकडून पाहुणे येतात. संस्कृत कवींनीं ज्याच्या विरहाचें वर्णन पिढ्यान्‌पिढ्या केलें तो चक्रवाक आमच्या नातवंडांनीं प्रथम ह्याच भागांतील तळ्यावर पाहिला. केशरी-तपकिरी अंगाचें तें मोठें बदक जोडीनें काठावर उभें होतें. रात्रीं हीं जोडपीं ताटातूट भोगतात हा कविसंकेत सांगितल्यावर नातीनें विचारलें, "आजोबा, हें कोणी रात्रीं जागून पाहिलें आहे का?" ह्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. याशिवाय टिबुकल्या, अडया, पाणकावळे, आणि कमळाच्या पानांवरून न बुडतां चालणारे कमळपक्षी हे नेहमींचे रहिवासी. दुर्बीण असल्यास न्यावी. नसल्यास स्वस्थ बसावें. स्वस्थ बसणारास पक्षी दिसतात, आणि बोलणारास केवळ त्यांचें उडून जाणें दिसतें.

सारस पक्ष्याविषयीं येथें दोन शब्द लिहिणें प्राप्त आहे. माणसाएवढा उंच, तांबड्या मानेचा हा पक्षी जन्मभर जोडीनें राहतो व धानाच्या शेतांत घरटें करतो. रामायणाच्या आरंभीं व्याधानें ज्यास मारिलें तो क्रौंच म्हणजे हा सारसच असावा असें कित्येक विद्वानांचें मत आहे. महाराष्ट्रांत आज तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांत व त्याच्या आसपासच उरला आहे, आणि त्याची संख्या फार थोडी आहे. त्यास अरण्य नको असतें. तळें व धानाचें शेत हवें असतें. ज्या दिवशीं तळीं जातील त्या दिवशीं तोही जाईल.

अरण्याची हौस असणारांची निराशा होण्याचें कारण नाहीं. तळ्याच्या भोंवतालच्या वनास १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उत्तरेकडील नागझिरा अभयारण्य १९७० सालचें. डिसेंबर २०१३ मध्यें हीं दोन्ही, भंडाऱ्याजवळील कोका अभयारण्य व आणखी कांहीं वनें मिळून नवेगांव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ, बिबट, अस्वल, गवा, रानकुत्रीं, सांबर व चितळ हीं येथील श्वापदें. साग, ऐन, बिजा, तेंदू, मोह व बांबू ही येथील वनसंपत्ति. प्रकल्पाच्या आंत मन मानेल तसें पायीं हिंडण्यास मनाई आहे व तें योग्यच आहे. परवाना काढून, वाटाड्या बरोबर घेऊन गाडींतूनच जावें लागतें. साकोलीकडून नागझिऱ्यास जाणारांस पिटेझरीचें द्वार जवळ पडतें. मोह फुलण्याच्या दिवसांत अस्वलें पहांटे झाडांखालीं येतात; त्या काळांत वनालगतच्या पायवाटांनीं अंधारांत जाऊं नये.

ह्या अरण्याची ओळख महाराष्ट्रास करून देण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं वनाधिकारी मारुती चितमपल्ली ह्यांस आहे. 'नवेगावबांधचे दिवस' ह्या त्यांच्या पुस्तकानें किती तरी घरांतील मंडळींस पक्ष्यांचीं नांवें शिकविलीं. २०२५ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली व त्याच वर्षीं जूनमध्यें ते निवर्तले. निघण्यापूर्वीं तें पुस्तक घरांत मोठ्यानें वाचावें अशी आमची शिफारस आहे. व्यंकटेश माडगूळकरांचें 'नागझिरा'ही सोबत असूं द्यावें.

देवदर्शनाची इच्छा असणारांनीं एक दिवस प्रतापगडाकडे काढावा. हा साताऱ्याकडील इतिहासप्रसिद्ध प्रतापगड नव्हे. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील डोंगरावरचा हा जुना पडका गड. येथें महादेवाचें स्थान आहे व ख्वाजा उस्मान गनी हारूनी ह्यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते आणि हिंदु व मुसलमान दोन्ही समाजांचे लोक एकाच वाटेनें डोंगर चढतात. जवळच गाढवी नदीवर इटियाडोह हें अलीकडच्या काळांतील धरण आहे. सकाळीं कोलू पाटलाचा बांध व दुपारीं इंजिनियरांचें धरण असें एकाच दिवशीं पाहिल्यास दोहोंची तुलना मुलें आपण होऊन करूं लागतात. त्याच बाजूस गोठणगांवजवळ १९७२ सालीं वसलेली तिबेटी लोकांची वसाहत आहे. स्वदेश सुटलेल्या ह्या लोकांनीं आमच्या ह्या झाडींत घरें बांधलीं, मंदिर उभारलें व शेती केली. रंगीत प्रार्थनापताका वाऱ्यावर फडफडतांना पाहून आमच्या घरांतील वृद्ध मंडळींनीं तेथेंही हात जोडले.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतों. दशम्या व कोरडी चटणी ही शिदोरी पुरेशी होते. पाण्याचें भांडें घरचें न्यावें. तळें कांठीं उथळ दिसलें तरी पुढें खोल आहे. मुलांस पाण्यांत उतरूं देऊं नये. पाळीवर खाऊन उरलेले कागद व प्लास्टिकच्या पिशव्या परत आणाव्या. आमच्याच बरोबरच्या सुशिक्षित मंडळींनीं टाकलेल्या पिशव्या एका ढीवर बाईनें मुकाट्यानें वेंचलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. तेव्हां आमची मान खालीं गेली.

आतां मुख्य गोष्ट. हीं तळीं बांधलीं लोकांनीं, व शेंदोनशें वर्षें राखलींही लोकांनींच. इंग्रजी अमलांत मालगुजार हा गांवाचा मालक ठरला, तळें त्याच्या नांवावर गेलें. तरी गाळ काढणें, पाळीस माती घालणें, पाण्याच्या पाळ्या लावणें हीं कामें गांवच करीत असे. मालगुजारी पद्धतींत जुलूमही पुष्कळ होता व ती गेली हें बरेंच झालें. मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्यानें मालकी हक्क रद्द झाले व १९५१ पासून तळीं सरकारच्या ताब्यांत आलीं. आजही कागदोपत्रीं त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणतात. परंतु ह्या फेरफारांत एक गोष्ट हातची निसटली. जें 'आपलें तळें' होतें तें 'सरकारी तळें' झालें, आणि गाळ काढण्याचें काम कोणाचें हा प्रश्न उभा राहिला. गाळ सांचला, कांठ उथळ झाले, तेथें बेशरमाचीं झुडपें माजलीं, पाणवनस्पति नाहींशा झाल्या, आणि त्यांबरोबर मासे व पक्षीही कमी झाले. कित्येक लहान बोड्या बुजून त्यांवर शेतें व घरें झालीं.

तथापि सर्वच निराशेचें नाहीं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारखी संस्था ढीवर स्त्रीपुरुषांस बरोबर घेऊन तळ्यांतील बेशरम उपटणें व मूळच्या पाणवनस्पति पुन्हां लावणें हें काम करीत आली आहे. कोणती वनस्पति कोठें वाढते, कोणता मासा कोणत्या वनस्पतींत अंडीं घालतो, हें ज्ञान कोणत्या पुस्तकांतून आलें? तें त्या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या लोकांपाशींच होतें. विचारणाराच मिळत नव्हता.

आमच्या त्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें हें आम्हांस कळलें नाहीं. त्या सहलीहून परत आलों तेव्हां त्यानें शाळा सोडलेली होती. त्याचा गुण त्यास परत देतां आला नाहीं. म्हणून पुढें नोकरी संपेपर्यंत प्रत्येक वर्गास आम्ही ही गोष्ट सांगत आलों, स्वतःच्या चुकीसकट. वाचकहो, आपण नवेगांवास जाल तेव्हां मुलांना पाळीवर उभें करा, आणि "हें कोणीं केलें?" असा प्रश्न विचारा. उत्तर मात्र आपण देऊं नका. जवळपास एखादा ढीवर जाळें विणीत असेल, एखादी शेतकरीण पाटाचें पाणी वळवीत असेल; मुलांना त्यांच्याकडे पाठवा. आम्हीं त्या मुलाचें उत्तर त्याच वेळीं ऐकलें असतें तर एका लेकराची फुली चुकली असती, व आमचें अज्ञान दोनतीन वर्षें आधीं गेलें असतें.